चौतिसाव्या वर्षापुढची रेषा

सटाणा,
१२ जानेवारी २०२४

मामा,

मायना नीट लिहिला की तुम्ही म्हणता, "बाईंनी रजेचा अर्ज पाठवला." म्हणून नुसतंच मामा. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईल तुम्ही कपाटात ठेवून दिलाय, तेव्हा आपलं पोस्टच बरं.

तब्येतीचं सांगते. नाशिकच्या डॉक्टरांनी परवा पुन्हा तपासलं. हृदयाची झडप अरुंद झाली आहे, आईची होती तशीच. तीन महिने औषधं, अंगात जरा ताकद आली की ऑपरेशन. हल्ली शाळेचा जिना चढताना मधल्या पायरीवर मी मुलांना पाढे म्हणायला लावते, म्हणजे बाई दम घ्यायला थांबल्यात हे कुणाला कळत नाही. मार्चमध्ये मला चौतिसावं लागेल. आई चौतिसाव्यातच गेली, आणि मग तुम्ही मला नाशिक रोडला घेऊन आलात.

आता खरं विचारते. आठ वर्षांपूर्वी माझ्या लग्नात तुम्ही मांडवातच शाईचं पॅड आणि वही घेऊन बसलात आणि अर्ध्या वऱ्हाडाच्या हातांचे ठसे घेतलेत. आमच्या सासूबाईंचासुद्धा. प्रत्येकाला काही ना काही सांगितलंत. माझा ठसा बघितलात, "छान" म्हणालात आणि वही मिटलीत. मला वाटलं, पंगतीची घाई असेल. गेले पंधरा दिवस ते "छान" माझ्या डोक्यातून जात नाही. काय दिसलं होतं तुम्हाला?

माझा या गोष्टींवर विश्वास नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण भीती वाटायला लागली की विश्वास काय, विचारून थोडाच येतो!

ललित मार्केटमधून कांद्याचे लिलाव अर्धे टाकून घरी येतो आणि माझ्याकडे बघत बसतो. सासूबाई मात्र रडत नाहीत. रोज दिवेलागणीला मला समोर बसवतात, दोन्ही हात माझ्या चेहऱ्यावरून फिरवतात, स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडतात आणि त्यांच्या अहिराणीत म्हणतात, "मनं आयुष्य तुले लागो." सगळ्याच म्हाताऱ्या म्हणतात. पण या म्हणतात तेव्हा खरंच काहीतरी ओटीत पडल्यासारखं वाटतं.

खरं लिहा.

तुमची संजू


नाशिक रोड,
१८ जानेवारी

संजूबाई मास्तरीण,

"खरं लिहा" म्हणे! मी काय साक्षीला उभा आहे?

लग्नात मला भूक लागली होती, पंगत उठत होती आणि तुझी मामी लांबून डोळे वटारत होती. ती आज असती तर तिने शपथेवर सांगितलं असतं. तुझी आयुष्यरेषा चांगली लांब आहे. अंगठ्याखालच्या उंचवट्याला ऐसपैस वळसा घालून मनगटापर्यंत उतरते. खाली एक बारीक फाटा आहे, तो प्रवासाचा. म्हणजे ललितरावांना सांग, कांदा एकदाचा चांगल्या भावात विका आणि बायकोला कुठेतरी फिरवून आणा.

तरी एक काम कर. रेषा बदलतात, सात-आठ वर्षांनी ठसा नवा घ्यावा. डावा हात. शाळेच्या शिक्क्याचं पॅड चालेल. कागदाखाली रुमालाची घडी ठेव, नाहीतर तळव्याचा खळगा उमटत नाही. फोटो नको. फोटोत रेषा आखडते किंवा ताणते. मी एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये छापील कागद तपासले, हजारात एका कागदावर केसाएवढी रेघ सरकली तर माझ्या डोळ्याला खुपायची. कान त्या यंत्रांनी नेले, डोळे अजून शाबूत आहेत.

औषधं वेळेवर घे. विहीणबाईंना नमस्कार सांग.

मामा


सटाणा,
५ फेब्रुवारी

मामा,

सोबत ठसा. तीन कागद वाया घालवले, ललितने माझं बोट न् बोट दाबलं, आणि हात दोन दिवस जांभळा राहिला. चौथीतल्या पोरी म्हणाल्या, "बाई, तुम्ही मतदान करून आल्या का?"

गंमत सांगू? मी सोमवारी जिना न थांबता चढले. वर जाऊन उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की आज पाढे झालेच नाहीत. डॉक्टरांनी औषधाचा गुण म्हटलं. असेलच. तुमच्या त्या लांब रेषेचाही असेल, काय सांगावं!

सासूबाई थोड्या थकल्यात. परसातली मेथी आता त्या खुडत नाहीत, बाजेवर बसून मला सांगतात. डोकं मात्र तल्लख. लिहिता-वाचता येत नाही, पण गल्लीतल्या कुणाचं बारसं कुठल्या वारी झालं हे त्यांना विचारावं. संध्याकाळचं ते बोटं मोडणं चुकत नाही. मी म्हटलं, "आई, पुरे आता, रोज काय." तर माझा हात धरून बसवलं.

संजू


नाशिक रोड,
११ फेब्रुवारी

खंडेराव,

देवळाली कॅम्पपासून माझं घर दहा किलोमीटरसुद्धा नाही आणि मी तुला पत्र लिहितोय, यावरून ओळख की समोर बसून बोलायची माझी छाती नाही. पंचवीस वर्षं आपण शेजारच्या टेबलांवर कागद तपासले. माझ्या डोळ्यांवर तुझा भरवसा होता. तो अजून असेल तरच पुढे वाच.

माझी भाची संजना. तिच्या लग्नातल्या ठशात आयुष्यरेषा चौतिसाव्या वर्षाशी तुटते. फाटा नाही, शेजारून जाणारी आधाराची रेषा नाही, भोवती रक्षणाचा चौकोन नाही. तुटते आणि पुढे कोरा हात. तिच्या आईच्या, माझ्या बहिणीच्या, हातावर हेच होतं. तिच्या हाताकडे बघूनच मी या नादाला लागलो. हे मी आठ वर्षं कुणाला सांगितलं नाही. पोरीला गेल्या महिन्यात लांब रेषेची थाप मारली.

काल तिचा नवा ठसा आला. तुटलेल्या टोकापुढे पाच मिलिमीटर रेषा वाढली आहे. मी मिलिमीटरला एक वर्ष धरतो. तू म्हणशील, कागद दमट झाला की फुगतो. मीही तेच आधी म्हटलं. अंगठ्याची पेरं मोजली, करंगळीचं मूळ मोजलं. जुन्या ठशाशी तंतोतंत. वाढली ती एवढी एकच रेषा.

पण तो वाढलेला तुकडा तरण्या हाताचा नाही. त्यावर जाळी आहे, बारीक आडव्या-उभ्या रेघांची. आमच्या शास्त्रात जाळीचा अर्थ भ्रम, विसर. ती जाळी मी आधी पाहिली होती. वही उलटून सगळ्या वऱ्हाडाचे ठसे काढले तेव्हा तिच्या सासूच्या हातावर सापडली. नवसाबाईंची रेषा शहात्तरपर्यंत, म्हणजे त्यांच्या आजच्या वयापर्यंत, स्वच्छ आहे आणि तिथून थेट नव्वदीपर्यंत जाळी. शेवटच्या पाच मिलिमीटरमध्ये सात आडव्या रेघा, त्यातली चौथी मध्येच मोडलेली. संजूच्या हातावर त्याच सात, आणि चौथी मोडलेली. दोन्ही कागद एकावर एक ठेवून मी खिडकीच्या उजेडात धरले. रेघ रेघेवर बसली.

म्हातारी रोज त्या पोरीवरून हात उतरवून म्हणते, माझं आयुष्य तुला लागो. खंडू, ते लागतंय.

तुझा
निवृत्ती


नाशिक रोड,
११ फेब्रुवारी

संजू,

ठसा पोचला. छान उमटलाय.

दिवेलागणीला विहीणबाईंसमोर बसायचं चुकवू नकोस. "पुरे आता" वगैरे अजिबात म्हणू नकोस. मोठ्यांच्या मनाचं समाधान असतं, आपलं काय जातं? त्यांचाही एक ठसा घेऊन पाठव, आणि महिन्याभराने तुझा पुन्हा. म्हाताऱ्याचा चाळा समज.

मामा


देवळाली कॅम्प,
१६ फेब्रुवारी

निवृत्ती,

दोनदा वाचलं. तुझ्या डोळ्यांवर अजून भरवसा आहे, म्हणून जास्त भीती वाटली.

जोडलेला कागद आपण कधी पास केला नाही, वरून कितीही चांगला दिसो. तुला माहीत आहे काय जोडलं जातंय. पोरीला सांग. सुनेला नसेल सांगायचं तर सासूला सांग. कुणाला तरी सांग. गप्प बसून तू म्हातारीचे हात धरून तिला लुटू देतोयस.

खंडेराव


सटाणा,
९ मार्च

मामा,

दोन्ही ठसे सोबत आहेत. ओळखायला नावं घातलीत, तरी सासूबाईंचा तुम्हाला लगेच कळेल. इतका गुळगुळीत हात मी कधी पाहिला नाही, अंगठ्याखालून मनगटाकडे काही उमटतच नाही.

डॉक्टर खूश आहेत. छातीतली धाप गेली. ऑपरेशन कदाचित लागणारच नाही म्हणाले. ललितने शेजाऱ्यांना पेढे वाटले.

मग मी खूश का नाही, ते सांगते, हसू नका. माझे गुडघे दुखतात. जिना चढून दमत नाही, पण कठड्याला धरून चढते. गेल्या आठवड्यात वर्गात शिरले आणि मुलं उभी राहिली तर म्हटलं, "खाले बठा." सगळा वर्ग हसला. मी नाशिक रोडची, मला अहिराणी ऐकून समजते, पण बोलता कधी आली? हजेरी घेताना मधेच थांबले. समोर चाळीस पोरं, आणि एकाचंही नाव येईना. मला वाटत होतं, या शाळेत मला काही काम नाही, मला कुणाची तरी वाट बघायची आहे, आणि ती यायची वेळ झाली आहे. कुणाची, ते मात्र आठवेना. दोन-तीन मिनिटं असेल. मग सगळं जागेवर.

कालही झालं. ललित आला तेव्हा मी दारात उभी होते. तो म्हणाला, "कुणाची वाट बघतेस?" मी त्याला "लल्या" म्हटलं. त्याला तसं फक्त त्याची आई म्हणते.

औषधाने होत असेल का? तुम्ही एवढे ठसे मागवताय, त्यात काही आहे का? मामा, या वेळी खरंच खरं लिहा. आजवर तुम्ही मला फसवलं नाही.

डॉक्टर खूश आहेत. हे लिहिलं होतं का मी?

संजू


नाशिक रोड,
३० मार्च

संजू,

तीन आठवडे लागले हे लिहायला. "आजवर तुम्ही फसवलं नाही" ही ओळ वाचली की पेन खाली ठेवत होतो.

मी फसवलं आहे. तुझी रेषा लांब नव्हती. चौतिसाव्याशी तुटत होती, लग्नाच्या दिवशीही. मी "छान" म्हणालो कारण तू हळद लावून समोर बसली होतीस.

आता ती रेषा दहा मिलिमीटर, म्हणजे दहा वर्षं, पुढे गेली आहे. ते तुझं आयुष्य नाही, विहीणबाईंचं आहे. त्यांच्या हातावरून जेवढं पुसलं गेलं तेवढंच तुझ्या हातावर आलं, शेवटाकडून सुरू होऊन, रेघेला रेघ जुळून. त्यांच्या हातावर आता चार वर्षं उरलीत. आणि त्यांच्या म्हातारपणात जे व्हायचं होतं ते त्या वर्षांसकट तुझ्याकडे आलंय. त्यांना पुढे भ्रम होणार होता. नव्वदीपर्यंत त्या दारात बसून कुणाची तरी वाट बघणार होत्या, घरच्यांची नावं विसरणार होत्या. ती वर्षं त्यांच्याऐवजी तू जगायला लागली आहेस. म्हणून त्या इतक्या तल्लख आहेत आणि तू वर्गात अडखळतेस.

हे मला फेब्रुवारीतच दिसलं. त्या भ्रमाची जाळी पहिल्याच तुकड्यावर होती. तरी तुला लिहिलं की समोर बसायचं चुकवू नकोस. मी म्हटलं, विसरेल तर विसरेल, पोरगी जिवंत राहील. ताईला मी वाचवू शकलो नव्हतो. एका म्हातारीची वर्षं मी तुझ्यासाठी चोरू दिली आणि तुझं डोकं बदल्यात जाऊ दिलं, आणि यातलं काहीच कुणाला विचारलं नाही.

आता तू ठरव. त्यांना थांबव म्हणालीस तर उरलेली चार वर्षं त्यांची त्यांना राहतील. दहा तुझ्याकडे आली ती आलीच, ती परत जाण्याचा मार्ग मला ठाऊक नाही. माहीत असता तर मी पायी सटाण्याला आलो असतो.

शिव्या घालायच्या असतील तर घाल. पण तुझ्या अक्षरात घाल.

मामा


सटाणा,
६ एप्रिल

मामा,

आज सकाळी डोकं स्वच्छ आहे, म्हणून भराभर लिहिते.

शिव्या घालायला बसले होते, जमलं नाही. तुम्ही आठ वर्षं एकट्याने ते ओझं वागवलंत आणि मला वाटायचं, म्हातारा खुशाल आहे. पण मला विचारायला हवं होतंत, मामा. मी नाहीच म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाहीत ना?

तुमचं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. मी म्हटलं, "आई, आजपासून माझ्यावरून हात फिरवायचा नाही." तर म्हणाल्या, "कोन ऱ्हायना तो कागद लिखनारा माले सांगनारा? हात मना शे. मनी एक आंडेर गयी, हाई नही जावा देसू." आंडेर म्हणजे मुलगी; एक गेली, ही जाऊ देणार नाही, म्हणाल्या. ललितची धाकटी बहीण तापात गेली, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

मी त्यांच्या पाया पडले, रडले, हात धरून ठेवले. त्यांना जाळीचं सांगितलं, की असं जगून मी कुणाला ओळखणार नाही. तर म्हणाल्या, तू मला नाही ओळखलंस तरी मी तुला ओळखेन. मी म्हटलं, आई, तोवर तुम्ही असणार आहात का? त्यावर हात सोडवून घेतले आणि दिव्याची वात वळायला लागल्या.

आता मी दिवेलागणीला शेजारी जाऊन बसायचं ठरवलं आहे. ललितला सांगितलंय, मला घरात येऊ देऊ नकोस. त्याला यातलं काहीच पटत नाही, पण ऐकतो. अडचण एवढीच की संध्याकाळ झाली की मी काय ठरवलं होतं तेच मला आठवत नाही. काल आठवलं तेव्हा मी त्यांच्या समोर बसलेली होते आणि त्या बोटं मोडत होत्या.

संजना. संजना ललित. जिल्हा परिषद शाळा, इयत्ता चौथी. हे मी रोज सकाळी वहीत लिहिते. आज तीनदा लिहिलं.

तुमची संजू


नाशिक रोड,
२२ एप्रिल

संजू,

विहीणबाई गेल्याचं त्याच दिवशी ललितरावांच्या निरोपावरून कळलं. मी मातीला आलो नाही. स्टँडवर जाऊन परत आलो. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला तरी यायला हवं होतं.

तुझं पत्र नाही, सोळा दिवस झाले. मोठं नको. ठसा तर नकोच, ती वही मी बंबात घातली. तुझ्या अक्षरात एक शब्द लिही. नुसतं "मामा" एवढं लिही. मी समजेन.

मामा


सटाणा,
२८ एप्रिल

आदरणीय मामा,

तुमचं पत्र पोचलं. आई शांतपणे गेली. दिवेलागणीला संजनासमोर बसली होती, हात फिरवून झाले आणि तशीच तिच्या मांडीवर कलली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती, सगळ्यांची नावं घेतली.

संजनाच्या तब्येतीची काळजी नसावी. डॉक्टरांनी परवा पुन्हा तपासलं. म्हणाले, झडप अशी सुधारलेली आम्ही पाहिली नाही, ऑपरेशन नको, औषधंही बंद. बाकीचं तुम्ही आलात की बोलू. मामा, लवकर या. ती दिवसभर दारात बसलेली असते.

तुमचं पत्र मी तिच्या हातात दिलं. तिने ते वाचलं, वही मागितली आणि स्वतः उत्तर लिहिलं. मी काही सांगितलेलं नाही. अक्षर तिचंच आहे, ते तुम्ही ओळखालच. सोबत जोडलं आहे.

आपला
ललित


निवृत्तीभाऊले नवसाबाईना रामराम.

तुमना कागद वना. लल्यानी मना हातमा दिना. मी वाचा. माले वाचता येस, हाई माले आज समजनं.

कागद मनी सूनना नावना शे. तुम्ही तिना मामा ना? चांगली पोर शे तुमनी. लगीनमा तुम्ही मना हात शाईमा बुडायेल व्हता, माले याद शे.

संजू अजून शाळामाईन वनी नही. आज तिले भलता उशीर व्हयी गया. मी दिवा लाईसन दारमा बठेल शे, वाट दखस. ती वनी का तिले तुमना कागद देसू.